एजन्सी तुमच्यामागे किती कमावते, ते स्वतः कसं काढायचं

जाम चौरस्त्यावरून पहाटे बुटीबोरीच्या कारखान्यांकडे गाड्या भरून जातात. त्यात बसणाऱ्या बऱ्याच पोरांच्या गळ्यात कंपनीचं कार्ड असतं, मशीन कंपनीची, कँटीन कंपनीचं, पण पगार भलत्याच नावाने खात्यात येतो. ते नाव एजन्सीचं. मी अशाच एका लेबर ठेकेदाराच्या ऑफिसात बरीच वर्षं हजेरी, पगार आणि बिलं केली. आता समुद्रपूर तालुक्यात गावातच ऑनलाइन सेंटर चालवते. पीएफ काढायला पोरं-पोरी येतात आणि फॉर्म भरता भरता विचारतात, "ताई, कंपनी माह्या नावानं बावीस हजार देते म्हणतात, मंग मले बाराच काहून भेटते? बाकीचे ठेकेदार खाते का?"

याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. ते कागदावर निघतं आणि दहावी झालेल्या कोणालाही काढता येतं. मधले सगळे पैसे ठेकेदार खातो असं समजून पोरं नको तिथे भांडतात, आणि जिथे खरंच खाल्ले जातात तिथे गप्प बसतात. म्हणून हा हिशेब सविस्तर मांडते.

माणूस लावून देण्याची फी

एजन्सीचं एक काम म्हणजे कंपनीला माणूस शोधून देणं. माणूस कंपनीच्या पगारावर लागतो आणि एजन्सी एकदाच फी घेते. ही फी कंपनी देते. रूढ दर वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. महिना १८,००० वर लागलेल्या आयटीआय फिटरमागे एजन्सीला सुमारे १८,००० मिळतात, वर जीएसटी. मोठ्या पदांना दर जास्त असतो.

या करारात बहुतेक वेळा एक अट असते: माणूस दोन-तीन महिन्यांच्या आत सोडून गेला तर एजन्सीने दुसरा फुकट द्यायचा. रुजू झाल्यावर एजन्सीची मॅडम सारखी फोन करते, "तीन महिने तरी सोडू नको रे" म्हणते, त्याचं कारण हे. तिची फी त्या तीन महिन्यांवर टांगलेली असते.

आता यात तुमच्या खिशातून जायचं काहीच नाही. शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, असं राज्यात फळं-भाजीपाल्यासाठी २०१६ मध्ये ठरलं. इथेही कमिशन घेणाऱ्याच्या गिऱ्हाइकाकडून, म्हणजे कंपनीकडून यायला हवं. रजिस्ट्रेशन फी, गेटपास फी, ड्रेसचं डिपॉझिट, "साहेबाला द्यावे लागते" असं म्हणून कोणी हजार-दोन हजार मागितले, तर एकाच माणसावर दोन्हीकडून कमाई चालली आहे. देऊ नका. चांगल्या एजन्सीला माणसं कमी पडतात, ती तुमच्याकडून पैसे मागत बसत नाही.

दर महिन्याचं बिल

दुसरं काम मोठं आहे आणि आपल्याकडची बहुतेक पोरं त्यातच असतात. तुम्ही एजन्सीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, काम कंपनीत. एजन्सी पगार देते, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) भरते आणि महिन्याच्या शेवटी कंपनीला बिल लावते. एका माणसाचं बिल कसं दिसतं, ते समजायला सोपे आकडे धरून मांडते. रोज ५००, महिन्याला २६ हजेऱ्या.

मूळ पगार आणि महागाई भत्ता: १३,०००
घरभाडे भत्ता ५ टक्के: ६५०
पीएफ, मालकाचा वाटा १३ टक्के: १,६९०
ईएसआय, मालकाचा वाटा ३.२५ टक्के: ४४४
बोनस ८.३३ टक्के: १,०८३
पगारी रजा, २० दिवसांमागे एक: ६५०
बेरीज: १७,५१७
सर्व्हिस चार्ज ५ टक्के: ८७६
जीएसटी १८ टक्के: ३,३११
एकूण बिल: २१,७०४

मालकाचा पीएफ १२ टक्के ऐकलेला असतो, मग इथे १३ का? त्यात अर्धा टक्का विम्याचा आणि अर्धा टक्का पीएफ ऑफिसच्या खर्चाचा आहे.

आता तुमच्या हाती काय येतं ते पाहा. १३,६५० मधून तुमचा पीएफ १,५६०, ईएसआय १०३ आणि व्यवसाय कर २०० कापला की ११,७८७ उरतात. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायांना व्यवसाय कर नाही, त्यांच्या स्लिपवर तो कापलेला दिसला तर लगेच विचारा.

२१,७०४ आणि ११,७८७ यांच्यात ९,९१७ चा फरक आहे. पोरं याच आकड्यावर संतापतात. पण तो फोडून पाहा: पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून ३,२५०, ईएसआयमध्ये ५४७, व्यवसाय कर २००, जीएसटी ३,३११, बोनस आणि रजेचे १,७३३. एजन्सीचे म्हणावेत असे फक्त ८७६. पीएफ, बोनस, रजा हे तुमचेच पैसे आहेत, फक्त आज हातात नाहीत. जीएसटी सरकारचा, कंपनीला त्याची वजावट बहुतेक वेळा मिळते, त्यामुळे तो तिलाही फारसा बोचत नाही.

या ८७६ मध्येच एजन्सीला साइटवरचा सुपरवायझर, ऑफिसचं भाडं, गावातून पोरं आणणाऱ्या माणसाचे पैसे, जीपचं डिझेल हे सगळं भागवायचं असतं. शिवाय एक खर्च बाहेरून दिसतच नाही. पगार सात तारखेपर्यंत द्यावा लागतो, कंपनी बिल चुकवते पंचेचाळीस, कधी साठ दिवसांनी. तोवर १७,५१७ ठेकेदाराचे अडकलेले. बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर पंचेचाळीस दिवसांचे २५९ रुपये होतात, म्हणजे ८७६ मधला तिसरा हिस्सा जवळपास व्याजातच गेला. बिल फाडलं की जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, कंपनीने पैसे दिलेले असोत की नसोत. वरून एजन्सी कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर बिलातून २ टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा होऊन येतो. तो पुढे परत मिळतो, पण आज नसतो. महिन्याच्या सहा तारखेला आमच्या ऑफिसात बँकेत किती आहेत आणि उद्या किती लागतील, हेच दिवसभर चालायचं. दोनशे पोरांचा पगार म्हणजे गंमत नाही. प्रामाणिक ठेकेदार माणसामागे थोडंच घरी नेतो आणि संख्येवर जगतो. त्याच्याबद्दल मनात राग ठेवायचं कारण नाही.

सर्व्हिस चार्ज शून्य असेल तर

कंपन्यांचे खरेदी विभाग रेट मागवतात. एक ठेकेदार ६ टक्के भरतो, दुसरा ४, तिसरा १, आणि कोणी चक्क शून्य. कंपनी खुश, काम शून्यवाल्याला. तुम्ही या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: ज्याला कंपनीकडून काही मिळत नाही, तो तुमच्याकडून काढतो. नाहीतर व्याज, डिझेल, सुपरवायझर हे सगळं तो कशातून भागवेल? म्हणून नोकरी धरताना ओळखीच्या जुन्या कामगाराला विचारून घ्या, या ठेकेदाराला कंपनी किती टक्के देते. साइटवर हे बऱ्याच जणांना माहीत असतं.

काढायच्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी पीएफची. गिरडकडचा एक पोरगा माझ्याकडे सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक पाहायला आला. स्लिपवर पीएफ कापलेला १,५६०. पासबुकात त्याच महिन्यात त्याचा वाटा ७८०, मालकाचा २३९, पेन्शनमध्ये ५४१. म्हणजे पीएफ भरला होता ६,५०० पगारावर, तेरा दिवसांवर. पोराने तर महिनाभर एक खाडा केला नव्हता. त्याच्या पगारातून ७८० जास्तीचे कापले, कंपनीकडून १,६९० घेतले आणि भरले ८४५. दोन्ही मिळून १,६२५ रुपये महिन्याला, एका माणसामागे. सरळ सर्व्हिस चार्जच्या जवळजवळ दुप्पट. तो पोरगा स्क्रीनकडे पाहत राहिला, म्हणाला, "मी तं समजत होतो का पीएफ कापते म्हणजे भरतेच." आमच्याकडे सगळे हेच समजतात, म्हणून पासबुक कोणी उघडत नाही.

दुसरी जागा ओव्हरटाइमची. कायद्याने दर दुप्पट. वरच्या हिशेबात आठ तासांचे ५०० म्हणजे तासाला ६२.५०, ओटीचे १२५ व्हायला पाहिजेत. "आमच्याकडे ओटी सिंगल आहे" असं सांगितलं जातं. कंपनीच्या बिलात तो डबल लागलेला असतो का, हे कंपनीच्याच एचआरला विचारा.

तिसरी जागा बोनस आणि रजेची. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या भागात हाच पैसा सगळ्यात गुपचूप जातो. आपली पोरं वर्षभर कंपनीत राहत नाहीत. मृग लागला की पेरणीला घरी येतात, डवरणी-निंदण उरकून पोळ्यानंतर परत जातात, कापूस वेचणीला पुन्हा काही दिवस बसतात. दरवेळी "सोडून गेला" अशी नोंद होते. बोनसचे १,०८३ आणि रजेचे ६५० कंपनी दर महिन्याला बिलात देऊन बसलेली असते, पोरगा मात्र समजतो की दिवाळीला हजर नव्हतो म्हणजे बोनस बुडाला. तसं नाही. हिशेबाच्या वर्षात तीस दिवस काम केलं असेल तर तेवढ्या कामाचा बोनस तुमचाच आहे. तो वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे मार्चअखेर धरली तर नोव्हेंबर संपेपर्यंत द्यायचा असतो. तुम्ही तेव्हा कंपनीत नसलात तरी. शंभर पोरं अर्ध्या वर्षात गळाली तर ठेकेदाराकडे किती शिल्लक राहतं, ते वरच्या आकड्यावरून तुम्हीच काढा. काही एजन्स्या बोनस आणि रजा दर महिन्याच्या पगारातच जोडून देतात. तसं असेल तर स्लिपवर वेगळी ओळ दिसली पाहिजे, नाहीतर तो पगारच समजला जातो.

बाकी लहान-सहान: दोन बुटांचे पैसे चार वेळा कापणं, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवणं, पगार खात्यात टाकून "इतके रोख परत आण" म्हणणं. या शेवटच्या प्रकारात खात्यावर सगळं बरोबर दिसतं आणि नंतर काही सिद्ध करता येत नाही. एटीएम आणि पिन कोणालाही द्यायचा नाही, सुपरवायझर आपल्याच गावचा असला तरी.

महिन्याला कोणते कागद पाहायचे

हजेरी स्वतःच्या वहीत लिहा, ओटीच्या तासांसह. ऑफिसचं मस्टर तुमच्या हातात नसतं, वही असते. स्लिप व्हॉट्सॲपवर आली तरी चालते, पण दर महिन्याची मागून घ्या. नेमणुकीचं पत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये ते प्रत्येकाला देणं सक्तीचं आहे. पत्रावर पगाराचे भाग पाडलेले असतात, त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता अगदीच कमी दाखवला असेल तर पीएफही कमी भरला जाणार. नव्या कायद्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असले तर वरचा भाग पगारातच धरतात.

पीएफ आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचे असतात. तेव्हा वीस-पंचवीस तारखेला उमंगवर पासबुक उघडा आणि स्लिपशी ताडून पाहा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, आयुष्यभर एकच. पेरणीहून परत आल्यावर नवा ठेकेदार नवा नंबर काढून देतो म्हणाला तर जुनाच द्या, नाहीतर पाच-सात वर्षांत तीन नंबर होतात आणि पैसे काढायच्या वेळी माझ्यासारखीकडे चकरा सुरू होतात. ईएसआयचं कार्ड घरच्यांच्या नावांसह काढून घ्या. बायकोचं बाळंतपण आणि आई-बापाचं आजारपण त्यावर निघतं.

जिनिंग, खाण आणि ट्रेनी

हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये एजन्सीऐवजी मुकादम असतो. तिथे पैसा बहुधा गठाणीमागे ठरतो आणि उचल दिलेली असते. मुकादमाचं कमिशन कारखान्याकडून वेगळं आहे की मजुरांच्या दरातूनच निघतं, एवढं हंगामाआधी सगळ्यांसमोर विचारा. आणि उचलीची रक्कम दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा.

वणी, बल्लारपूर, चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत ठेकेदाराच्या माणसालाही खाणकामासाठी हाय पॉवर कमिटी नावाच्या वेतन समितीने ठरवलेला दर आहे आणि तो साध्या किमान वेतनापेक्षा बराच जास्त आहे. तिथे "किमान वेतन तर देतोच आहे" हे उत्तर पुरेसं नाही.

सध्या एजन्स्या "ट्रेनी" म्हणूनही भरती करतात. खरा अप्रेंटिस असेल तर त्याला विद्यावेतन मिळतं, पीएफ-ईएसआय लागत नाही. राष्ट्रीय योजनेत सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट खात्यात टाकतं, आणि शेवटी प्रमाणपत्र असतं. खोटा अप्रेंटिस म्हणजे बारा तास लाइनवर उभा असलेला कामगार, ज्याचा पीएफ वाचवला. फरक ओळखायला सोपा आहे: सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर तुमचा करार नोंदलेला आहे का, ते लॉगिन करून पाहा. नसेल तर तुम्ही कामगार आहात.

आणखी एक गोष्ट ऑफिसात जवळून पाहिली आहे. कंपनीला तुम्ही आवडलात आणि तिने तुम्हाला आपल्या पगारावर घ्यायचं ठरवलं, तर एजन्सीचं महिन्याचं उत्पन्न बंद होतं. म्हणून काही करारांत त्याची वेगळी फी असते, आणि काही ठेकेदार असा निरोप पोरापर्यंत पोचूच देत नाहीत. कंपनीच्या लाइन इंचार्जला स्वतः भेटून वर्ष-दीड वर्षाने विचारत राहा.

परदेशात लावून देतो म्हणणाऱ्यांबद्दल थोडक्यात. तो एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे आणि तो तुमच्याकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. तेही पावतीवर. शेत गहाण ठेवून लाख-दीड लाख देणाऱ्या घरांना माझी हात जोडून विनंती आहे, आधी पोर्टलवर त्याचं नाव शोधा.

पैसे अडकले तर कुठे जायचं

आधी ठेकेदाराला लेखी, मग कंपनीला. कंपनीचा एचआर "तुमचं तुमच्या ठेकेदाराशी बोला" म्हणेल. ते ऐकून परत येऊ नका. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर येते, आणि ठेकेदाराच्या माणसांच्या पीएफ-ईएसआयचंही तसंच आहे. काम सोडलं असेल तर नव्या संहितेप्रमाणे राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे.

पीएफची तक्रार यूएएन टाकून ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ ऑफिसच्या, तक्रार पोर्टलवर घरबसल्या होते. स्लिपचा आणि पासबुकचा फोटो जोडा, दोन्हीतला फरक आकड्यात लिहा. पगार, ओटी, बोनससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकारी बसतात. पण कोळसा खाण असेल तर तिथे चकरा मारू नका, ते केंद्राकडे येतं. अर्ज केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचा. वणीकडच्या पोरांचे आठवडे चुकीच्या दारात जातात.

अर्ज लांबलचक नको. मी सेंटरवर असा लिहून देते: "मी आपल्या कारखान्यात अमुक ठेकेदारामार्फत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केले. माझा यूएएन अमुक. माझे खालील पैसे बाकी आहेत: पगार इतका, ओटीचे इतके तास, बोनस इतके महिने, रजा इतके दिवस. ठेकेदाराला अमुक तारखेला लेखी कळवले, पैसे मिळाले नाहीत. मूळ मालक म्हणून आपण ते द्यावेत." खाली सही, सोबत हजेरीच्या वहीची पानं आणि स्लिपा. चार-पाच जणांचे अडकले असतील तर अर्ज प्रत्येकाचा वेगळा करा पण द्यायला सोबत जा. दुसऱ्या प्रतीवर गेटवर शिक्का मागा. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा, पावती वहीत चिकटवा आणि तिचा फोटो काढून ठेवा.